फायटर आज असा का वागतोय?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळचे साडेसात वाजले असतील. नाशिकहून माझ्या भाचीचा फोन आला. रडवेला आवाज. "मामा, निळू गेला बहुतेक. तळाशी आडवा पडलाय. पण मध्येच कल्ला हलवतोय." निळू म्हणजे तिचा फायटर मासा. नववीतल्या मुलीने खाऊचे पैसे साठवून घेतलेला, गर्द निळा, लाल झाक असलेल्या परांचा. मी तिला म्हटलं, "आधी बाऊलला बाहेरून हात लाव. कसा लागतोय?" ती म्हणाली, "गार. माठासारखा गार." बाऊल खिडकीशी होता आणि खिडकी रात्रभर उघडी राहिली होती. वडिलांनी शेजाऱ्यांकडून थर्मामीटर आणून पाण्यात धरला. 19 अंश.

मासा आजारी नव्हता, गारठला होता. परातीत कोमट पाणी घेऊन त्यात बाऊल ठेवायचा आणि परातीतलं पाणी तासातासाने बदलायचं, असं मी सांगितलं. बाऊलमध्ये थेट गरम पाणी अजिबात ओतू नकोस, हे दोनदा बजावलं, कारण एकदम झालेला बदल माशाला थंडीइतकाच मारक असतो. दुपारी पुन्हा फोन. पाणी 24 अंशांवर आलं होतं. निळू काचेशी येऊन तिच्या बोटामागे फिरत होता.

आपल्याकडे ज्याला सगळे फायटर म्हणतात, त्या बेट्टा माशाच्या वागण्याबद्दल आज बोलायचं आहे. हा मासा घरोघरी आहे. क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा कुठल्याही शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानात तो प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यांत एकेकटा ठेवलेला दिसतो. दुकानदार सांगतो, "याला काही लागत नाही, पंपसुद्धा नको." घरी आणल्यावर महिन्याभरात तो खाईनासा होतो, तळाशी बसतो, काचेवर धडका मारतो, आणि आपण पहिल्यांदा धावतो ते औषधाच्या बाटलीकडे. त्या बाटलीआधी काय बघायचं, तेवढंच मला आज सांगायचं आहे.

हा मासा मूळचा थायलंडचा, जुन्या सयामचा. भातखाचरं, दलदली, पाणवनस्पतींनी भरलेले उथळ कालवे हे त्याचं घर. थाई लोक त्याला प्लाकाट म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या झुंजी लावल्या गेल्या. बेट्टा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव त्याला चार्ल्स टेट रेगन या मत्स्यतज्ज्ञांनी 1910 मध्ये दिलं. 2019 मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. हे सगळं सांगण्याचं कारण एकच. भातखाचरातलं पाणी उथळ असतं, संथ असतं, पण उबदार असतं. 24 ते 28 अंश. माशाला आपल्यासारखी अंगची ऊब नसते. पाणी जेवढं गरम तेवढंच त्याचं अंग गरम. पाणी 20 च्या खाली गेलं की त्याचं पचन मंदावतं, हालचाल मंदावते, भूक जाते. तो "सुस्त" झालेला नसतो. त्याचं शरीरच चालत नसतं. पुणे, नाशिक, नागपूर इथल्या थंडीत 20 लिटरच्या टाकीला 25 वॅटचा लहान हीटर लावला तर यातली निम्मी दुखणी उद्भवतच नाहीत. मुंबईत आणि कोकणात याची गरज कमी पडते, तरी थर्मामीटर घरात हवाच.

आता त्या डब्याबद्दल. दुकानात तो एवढ्याशा पाण्यात जगतो कसा? आपल्या बाजारातली मरळ आठवा. पाटीत, नुसत्या ओल्या गोणपाटाखाली ती तासन्‌तास जिवंत असते, कारण ती हवा घेऊ शकते. फायटरही तसाच. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या आत, त्याला घड्याघड्यांचा एक अवयव असतो. वर येऊन तो तोंडाने हवा घेतो आणि त्या घड्यांमधल्या रक्तवाहिन्या त्यातला प्राणवायू ओढून घेतात. म्हणून मासा अधूनमधून वर आला, टुपकन हवा घेतली आणि खाली गेला, तर काळजी करू नका. उलट त्याला वर येताच आलं नाही तर तो पाण्यात गुदमरेल. पण या देणगीमुळेच त्याच्यावर अन्याय होतो. हवा तो वरून घेईल हो, पण बाऊलमध्ये साचलेली स्वतःचीच घाण त्याने कुठे टाकायची?

इथे मला माझी चूक सांगायची आहे. माझा पहिला फायटर लाल होता. टाकी चांगली रुळलेली, मासा वर्षभर ठणठणीत. दिवाळीच्या साफसफाईत घर घासलं तशी मी टाकीही घासली. सगळं पाणी काढलं, वाळू धुऊन उन्हात घातली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून पांढरा केला. टाकी आरशासारखी चमकत होती. चौथ्या दिवशी मासा पाण्याच्या वरच्या थराला चिकटून होता, भराभर तोंड उघडझाप करत होता, कल्ले आतून लालभडक दिसत होते. मी दुकानातून निळं औषध आणून टाकलं. पाचव्या दिवशी तो गेला.

झालं काय होतं? माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो विषारी असतो. टाकीत जीवाणूंची एक वसाहत वसते. त्यातले काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं बऱ्याच निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि ती मुख्यतः त्या मळकट स्पंजमध्येच राहते. मी नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने ती एका सकाळी धुऊन काढली. मासा मला चार दिवस सांगत होता आणि मला ते वाचता आलं नाही. तेव्हापासून मी स्पंज टाकीतूनच काढलेल्या जुन्या पाण्यात हलकेच बुचकळतो, आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलतो, अँटिक्लोरीनचे थेंब घालून, आधीच्याच तापमानाचं.

म्हणून, श्रोतेहो, मासा वेगळा वागला की पहिल्या पाच मिनिटांत पाणी तपासा. तापमान बघा. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंब दुकानात मिळतात. दोन्हींचं उत्तर शून्यच यायला हवं. शेवटचं पाणी कधी बदललं, नवीन काय आणलं, घरात रंगकाम किंवा ढेकणांची फवारणी झाली का, हे आठवा. मासा हवा वरून घेतो, तेव्हा खोलीतली हवाही त्याचीच.

पाणी चोख निघालं तर मग मासा नीट बघा. आणि इथे एक अडचण येते. ज्याने तो रोज पाहिलेला नाही, त्याला आजचं वेगळेपण कळणार कसं? अनेकदा लोक घाबरतात ती गोष्ट अगदी नेहमीची असते. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे तो उघड्या डोळ्यांनीच झोपतो. रुंद पानावर कूस टेकून, कधी हीटर आणि काचेच्या फटीत अंग अडकवून. रात्री अचानक दिवा लावलात तर तो फिकट पडलेला दिसेल. तो झोपेतला रंग, थोड्या वेळात पूर्ववत होतो. पाण्यावर बुडबुड्यांचा फेस जमला, तर तो साबणाचा नव्हे. नराने लाळेत हवा गुंडाळून पिल्लांसाठी घरटं बांधलंय. मादी नसली तरी तो बांधतो. खरोखर अंडी असली तर खाली पडणारं एकेक अंडं तोंडात झेलून तो पुन्हा त्या फेसात चिकटवतो, आणि साधारण दीड दिवसात ती फुटेपर्यंत राखण करतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत तर याला नुसता भांडखोर म्हणवणार नाही. पाणी बदलताना ते घरटं शक्यतो मोडू नका.

रंग बदलला म्हणूनही फोन येतात. चितकबऱ्या जातीच्या फायटरमध्ये, ज्याला मार्बल म्हणतात, रंगाचं जनुकच जागा बदलत राहतं. पांढरा आणलेला मासा सहा महिन्यांत निळा होऊ शकतो. तो निरोगी असतो. मात्र अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे पट्टे उमटले, विशेषतः मादीच्या किंवा लहान माशाच्या, तर तो भेदरलेला आहे. मादीच्या अंगावर उभे पट्टे आले तर ती प्रजननाला तयार आहे.

काचेला धरून वरखाली, वरखाली, दिवसभर फेऱ्या मारणं हे मात्र चांगलं लक्षण नाही. टाकीत प्रकाश आणि खोलीत अंधार असला की आतल्या बाजूने काच आरसा होते. त्याला समोर सतत दुसरा नर दिसतो, न हटणारा. तो कल्ल्यांची झाकणं फुलवतो, पर ताणतो, दमतो, तरी समोरचा जात नाही. पोरं गंमत म्हणून आरसा धरतात. मिनिटभर ठीक, तासन्‌तास म्हणजे छळ. खोलीतला दिवा लावा, टाकीच्या मागे आणि बाजूंना गडद कागद चिकटवा, आत झाडं लावा. दोन दिवसांत फरक दिसतो. तरीही फेऱ्या थांबल्या नाहीत तर जागा अपुरी आहे. त्याला किमान 15 ते 20 लिटर पाणी द्या. आणि झाकण ठेवा, कारण हा मासा उडी मारतो. सकाळी फरशीवर सापडलेला मासा उचलण्याची वेळ कुणावर येऊ नये.

झाडं मिळत नसतील तर बदामाचं पान घ्या. रस्त्याकडेचा देशी बदाम, ज्याची पानं थंडीत लालभडक होऊन गळतात, तोच. गळलेलं, पूर्ण वाळलेलं, फवारणी न झालेलं पान स्वच्छ धुऊन टाकीत सोडायचं. दोनतीन दिवसांत पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्यातलं टॅनिन पाणी किंचित आम्ल करतं, आणि मूळ दलदलीत त्याला अशाच कुजत्या पानांचं पाणी मिळत असतं. थायलंडचे मत्स्यपालक हेच पान पूर्वापार वापरतात. ऑनलाइन पाकीट विकत घेण्याआधी आपल्या गल्लीत बघा.

शेपटीचे तुकडे पडलेले दिसले तर कडा बघा. कडा काळसर, लालसर, हळूहळू विरत चालल्या असतील तर ती कुज आहे, बहुधा घाण पाण्यामुळे आलेली. रात्रीतून चंद्रकोरीसारखा लचका गेला असेल तर त्याने स्वतःच चावलंय. माणसाने देखणेपणासाठी याचे पर इतके लांब करून ठेवलेत की काहींना ते ओढत पोहणं जड जातं. अशा माशाला फिल्टरची जोराची धार नको.

एका बाजूला कलंडून तरंगतोय, पोट टम्म आहे, तर खाणं जास्त झालं. एक-दोन दिवस उपाशी ठेवा. घाबरू नका, त्याला ते झेपतं. एरवी दिवसातून दोनदा, दोन-तीन दाणे, बस. वरून पाहताना खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिलेले दिसले, तर मात्र मी खोटा धीर देणार नाही. आत मूत्रपिंडं हरलेली असतात आणि बहुतेक मासे त्यातून वाचत नाहीत. अंग झाडाला, वाळूला घासत असेल तर अंधारात टॉर्च धरा. रव्यासारखे पांढरे कण दिसले तर एक रोग, सोनेरी धूळ भुरभुरल्यासारखी दिसली तर दुसरा. दोन्ही परजीवींचे, दोन्हींवर उपाय आहेत, पण औषधं वेगळी. म्हणून टॉर्चने ओळख पटल्यावरच औषध घ्या, आणि जमेल तिथे माशांचं कळणाऱ्या पशुवैद्यांना विचारा.

भाचीने त्या डिसेंबरानंतर एक वही केली. तारीख, तापमान, दाणे किती खाल्ले, कुठे झोपला. एवढंच, रोज एक ओळ. फायटर साधारण दोन ते चार वर्षं जगतो आणि दुकानात येतो तेव्हाच सहा महिन्यांचा ते वर्षाचा असतो. निळू आता म्हातारा झालाय. गेल्या महिन्यात तिचाच फोन आला, या वेळी रडत नव्हती. "मामा, तो जास्त झोपतो. पाणी तपासलं, सगळं बरोबर आहे. वर यायला त्याला दम लागतो." मी काही सांगायच्या आधीच तिने उपाय केला होता. टाकीतलं पाणी निम्म्यावर आणलं होतं आणि पृष्ठभागाच्या चार बोटं खाली एक रुंद पान बांधलं होतं. आता तो त्या पानावर पडून असतो. हवा हवीशी वाटली की मान उचलल्यासारखा वर जातो, एक घोट घेतो आणि परत त्याच जागी येऊन टेकतो.

नमस्कार.