पत्र्याला वाढायला जागा

बेळगाव, उद्यमबाग. सकाळचे आठ वाजलेत. शेजारच्या फाउंड्रीत वाळू चाळायला सुरुवात झालीय आणि या शेडमध्ये मिस्त्री स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याला भोकं पाडतायत. मधलं भोक बोल्टाच्या मापाचं, बाकीची मुद्दाम मोठी.

हा पत्रा गॅस टर्बाइनच्या, म्हणजे गॅस जाळून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, एक्झॉस्टमध्ये, गरम वायू बाहेर पडायच्या वाटेत बसणार आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान साधारण 500 ते 600 अंश. एवढ्या धगीत मीटरभर लांबीचा हा पत्रा सुमारे 9 मिलिमीटर वाढतो आणि यंत्र बंद पडलं की पुन्हा आखडतो.

मिस्त्री खानापूर तालुक्यातले, लोहाराच्या घरातले. मला म्हणाले, "बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना बघितलंय न्हवं? लोखंड तापलं की वाढतंय, पाणी मारलं की आवळतंय. तिथं आवळायलाच पाहिजे, हितं मोकळं राहायला पाहिजे. एवढाच फरक बघा की."

आपल्याकडे उरणला गॅस टर्बाइनवर वीज तयार व्हायला लागली 1982 साली. त्या काळातली बरीच यंत्रं एकदा सुरू केली की दिवसेंदिवस चालती ठेवायची, या हिशेबानं बांधलेली. आता जगभर अशी जुनी यंत्रं विजेची मागणी वाढेल तेव्हा सुरू करतात, उतरली की बंद करतात. दर वेळी पातळ पत्रा झटकन तापतो, त्याला जोडलेली जाड पट्टी मागं राहते. दोघांची ओढाताण वेल्डवर येते आणि वेल्ड चिरतो.

एका जुन्या केंद्रात मिस्त्रींबरोबर मीही एक्झॉस्टच्या आत उतरलो होतो. बाहेरून डक्टचा, म्हणजे या वायूच्या बोगद्याचा, रंग ताटाएवढ्या गोलात जळून करडा झाला होता. आत पाहिलं तर तिथला पत्रा निसटलेला आणि त्यामागची, उष्णता अडवणारी सिरॅमिक लोकर वायूच्या झोतानं पार उडून गेलेली. ती सापडली पुढच्या बॉयलरच्या नळ्यांत, नळ्यांवरच्या पातळ पात्यांच्या फटीत अडकून. शेजारच्या चिरेवर वेल्डवर वेल्ड, ठिगळावर ठिगळ. वर्षानुवर्षं तीच चीर शिवत आले होते. शटडाउनचे दिवस मोजके असतात, हे मलाही कळतं. तरीही हे मला मान्य नाही. ठिगळानं ती जागा आणखी ताठ होते आणि पुढची चीर त्याच्याच कडेनं निघते.

नव्या रचनेतही लोकर आतल्या बाजूनंच बसते, त्यामुळे बाहेरचं कवच फारसं तापत नाही. लोकरीवर हे पत्रे, घराच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले, वायूच्या वाटेनं उतरते. प्रत्येक पत्रा मधे एकाच जागी पक्का धरलेला, बाकी सगळीकडे सरकता. डक्टच्या दोन भागांमधला, कडक होऊन फाटलेला कापडी जोड काढून नवा, अनेक थरांचा बसवतात. जुनी लोकर काढताना मात्र तोंडावर चांगला मास्क हवाच. तापलेल्या स्टीलवर कधीकधी पिवळी भुकटी साठते, ती क्रोमियमची असते आणि विषारी असते. ती हातानं किंवा ब्रशनं झटकायची नाही.

शेडमध्ये नमुन्याची जोडणी चाललीय. हाताखालच्या पोरानं नट करकचून आवळला. "तम्मा, पाना दे हिकडं." मिस्त्रींनी नट अर्धा फेरा मागं फिरवला, दोन्ही तळवे टेकून पत्रा थोडा सरकवून बघितला आणि मगच नटाला वेल्डचा ठिपका दिला.