पाठमोरा कासाल्स

नमस्कार श्रोतेहो. रेडिओवर बसून फोटोबद्दल बोलायचं म्हणजे जरा वेडेपणाच. पण आज ज्या फोटोबद्दल बोलणार आहे, त्यात तसंही फारसं काही दिसत नाही. ज्याचा फोटो, त्याचा चेहरासुद्धा नाही.

डोळ्यांसमोर आणून बघा. जुन्या मठाची ओबडधोबड दगडी भिंत. वर, हात पोचणार नाही अशा उंचीवर, एक लहानशी खिडकी. खाली आपल्याकडे पाठ करून बसलेला, टक्कल पडलेला एक म्हातारा. तो चेलो वाजवतोय, म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ. बाकी सगळा काळोख.

हा म्हातारा म्हणजे जगप्रसिद्ध चेलोवादक पाब्लो कासाल्स. फोटो यूसुफ कार्शनं १९५४ साली काढलेला, फ्रान्समधल्या प्राद या गावाजवळच्या क्यूक्साच्या मठात. कार्श म्हणजे खरं तर चेहऱ्यांचा माणूस. १९४१ साली चर्चिलच्या तोंडातली सिगार सरळ काढून घेऊन पुढच्या क्षणी त्याचा तो चिडका चेहरा टिपणारा हाच. असा फोटोग्राफर कासाल्ससमोर, चुकले, कासाल्सच्या मागे उभा राहतो आणि चेहरा चक्क सोडून देतो! कार्शनंच सांगितलंय की कासाल्स जुना जर्मन संगीतकार बाख याचं संगीत वाजवू लागला तेव्हा काही क्षण आपल्याला कॅमेऱ्याचं भान उरलं नाही. त्याआधी त्यानं कुणाचा फोटो असा पाठमोरा काढला नव्हता.

आपण ‘पाठ फिरवली’ म्हणतो ना, कासाल्सनं ती खरोखरच फिरवली होती. तो कॅटलन, म्हणजे स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताचा. यादवी युद्ध जिंकून १९३९ साली हुकूमशहा फ्रँकोनं स्पेन ताब्यात घेतला, तेव्हा कासाल्स प्रादला राहिला. पिरेनीज पर्वत ओलांडला की पलीकडे त्याचा मुलूख, इतक्या जवळ. पुढे महायुद्ध संपलं, हिटलर गेला, पण दोस्त राष्ट्रांनी फ्रँकोला हात लावला नाही. तेव्हा यानं जाहीर कार्यक्रमच बंद केले. वाजवणारा माणूस निषेध म्हणून काय करणार? वाजवणं थांबवणार. शेवटी १९५० साली इतर वादकच त्याच्या गावी, प्रादला, जमले आणि तिथं बाख महोत्सव सुरू झाला. फ्रँकोच्या स्पेनमध्ये राहायला तो परतला नाही तो नाहीच. १९७३ मध्ये, ९६ व्या वर्षी, पोर्तो रिकोत वारला. फ्रँको गेला त्यानंतर दोन वर्षांनी.

कार्शही मूळचा आर्मेनियन, लहानपणीच तुर्कस्तानातल्या कत्तलींतून वाचून पुढे कॅनडाला पोचलेला. एका बेघरानं दुसऱ्याची पाठ बरोबर ओळखली असावी. हा अर्थात माझा तर्क.

विशीत असताना एका जाडजूड पुस्तकात मी हा फोटो पहिल्यांदा पाहिला आणि पान उलटून पुढे गेले. इतके सगळे नामांकित चेहरे ओळीनं बघत असताना मध्येच ही पाठ! त्याच सुमारास कार्शनं सांगितलेला एक किस्साही वाचला. बॉस्टनच्या संग्रहालयात हा फोटो लावला होता. एक वृद्ध गृहस्थ रोज येऊन त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहायचे. न राहवून तिथल्या अधिकाऱ्यानं कारण विचारलं, तर म्हातारबुवांनी त्यालाच गप्प केलं: मी संगीत ऐकतोय, दिसत नाही का? मला हसू आलं होतं. म्हटलं, छान रचलाय.

मग तीनेक वर्षांपूर्वी माझा डावा कान कमी ऐकू लागला. तपासणीच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून बसवतात. आवाज आला की बटण दाबायचं. एका टप्प्यानंतर मी नुसतीच बसून राहिले, अंगठा बटणावर ठेवून. कागदावरच्या आलेखाची रेघ उजवीकडे, उंच स्वरांच्या बाजूला, खाली घसरत गेलेली. वयानुसार आधी बारीक, उंच स्वर जातात, खर्ज बराच काळ टिकतो. चेलोची सगळ्यांत खालची तार सेकंदाला साधारण ६५ कंपनांची. म्हणजे तिचं आणि माझं अजून बरं चाललंय.

त्या दिवशी घरी येऊन ते पुस्तक काढलं. गाणं लावायचा धीर नव्हता, काय काय गेलंय ते कळलं असतं. पुस्तक उघडून त्या पाठीकडे बघत बसले. डावा खांदा किंचित पुढे, मान कललेली. खरं सांगते, ऐकू आलं. अगदी भिंतीवरून परत येणाऱ्या घुमाऱ्यासकट. बॉस्टनच्या त्या आजोबांची मनातल्या मनात माफी मागितली. आता तो फोटो मी काम करते त्या टेबलासमोर आहे. चेहरा असता तर रोज नजरेला नजर द्यावी लागली असती. पाठ कशी, आपल्याला शेजारी बसू देते.

माझं बोलणं संपलं की बाखच्या पहिल्या चेलो सूटमधलं, म्हणजे एकट्या चेलोसाठीच्या रचनामालेतलं, सुरुवातीचं प्रील्यूड लावायची विनंती मी केली आहे. वाजवतोय खुद्द कासाल्स. ध्वनिमुद्रण १९३०च्या दशकातलं आहे, तेव्हा सुरांमागे बारीक खरखर ऐकू येईल तुम्हाला. मला हल्ली ती येत नाही.