सानाची धाव

(दृश्य: दोन भिंतींमधली उतरती दगडी वाट. वरच्या टोकाला विहीर.)

ही धाव आहे, मोटेची. आपल्याकडे ज्यांनी मोट चालताना पाहिली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. जनावर उताराने खाली गेलं, नाडा ताणला की मोट वर. इथे बैलाच्या जागी गाढव किंवा उंट. गाव साना, येमेनची राजधानी, समुद्रसपाटीपासून 2200 मीटरहून उंच. मशिदीत वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, वापरलेलं पाणी शेजारच्या खोलगट मळ्यात सोडायचं, त्यावर भाजी पिकायची. एकच पाणी दोनदा.

(दृश्य: वरून जुनं साना. विटांची उंच घरं, मधे हिरवे तुकडे.)

या देशात बारमाही नदी एकही नाही. पाऊस झाला की ओढे फुगतात, थोड्या वेळात पुन्हा वाळू. हे काही आजचं नाही. तेवढ्याच पाण्यावर इथल्या लोकांनी डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी लागवडीखाली आणले, मारिबला धरण बांधलं. तेव्हा आज पाणी आटत चाललंय म्हणून आभाळाकडे बोट दाखवून सुटका नाही.

(दृश्य: बोअरची गाडी. चिखलाचा फवारा.)

ही गाडी आली 1970 च्या दशकात. सौदीत मजुरीला गेलेल्यांचा पैसा घरी येत होता, पुढे सरकारने डिझेलही स्वस्त ठेवलं. विहिरीत जेवढं झिरपेल तेवढंच मोटेला मिळायचं. बोअरला तो धरबंध नव्हता. पाणी खाली गेलं की पाइप वाढवायचा. 1990 मध्ये कुवेतच्या प्रश्नावर येमेनचं सौदीशी बिनसलं आणि लाखो मजूर परतले. अनेकांनी होती ती पुंजी जमिनीत घातली. पाण्याचा कायदा झाला 2002 मध्ये. तोवर सानाभोवती हजारो बोअर झाले होते.

(दृश्य: कोवळी तांबूस पानं, अगदी जवळून. मग बाजार, फुगलेले गाल.)

हा कात. पानात घालतात तो नव्हे. हा थोडी झिंग आणणारा पाला, दुपारभर गालात धरून चघळायचा. पाणी दिलं की काही आठवड्यांत नवी पालवी. सकाळी खुडली, दुपारी विकली, पैसे रोख. द्राक्षं आणि कॉफी इथली जुनी पिकं, पण त्यांना हा वेग नाही. देशातलं सुमारे 90 टक्के पाणी शेतीला जातं आणि त्यात कातचा वाटा फार मोठा. शेतकऱ्याला नावं ठेवायची तर उसाच्या पट्ट्यातल्या माणसाने जरा जपून ठेवावीत.

(दृश्य: पिवळ्या कॅनची रांग. टँकर.)

टँकरला इथे 'वाइत' म्हणतात. मराठी कानाला ते बरोबरच वाटतं. माणशी वर्षाला 100 घनमीटरही नवं पाणी येत नाही. 500 च्या खाली गेलं की टोकाची टंचाई धरतात. 2017 मध्ये कॉलऱ्याचे संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले.

(दृश्य: मळ्याच्या कडेला सौर पॅनेल.)

2015 पासून युद्ध पेटलं, डिझेल मिळेनासं झालं, आणि मळ्यांवर ही पॅनेल आली. डिझेल निदान तासाचे पैसे मागायचं. उन्हाचं बिल येत नाही. उजाडलं की पंप चालू, मावळलं की बंद.

(निवेदन इथे थांबेल. सरीतून कातच्या बुंध्याशी येणारं पाणी. पंपाचा आवाज तसाच चालू ठेवावा.)