फिशर, पाइप आणि पंधरावं गुणसूत्र

(दृश्य: पाइप ओढणाऱ्या रोनाल्ड फिशर यांचं कृष्णधवल छायाचित्र)

हे रोनाल्ड फिशर. संख्याशास्त्रातलं मोठं नाव, आणि आनुवंशशास्त्रातही दबदबा. १९५८ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात त्यांनी मुद्दा काढला: सिगारेटमुळेच कॅन्सर होतो कशावरून? एखादं जनुकच माणसाला सिगारेटची गोडी लावत असेल, आणि तेच कॅन्सरही देत असेल तर? पुराव्यादाखल त्यांनी जुळी पुढे केली. एकसारख्या जुळ्यांच्या सिगारेटच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा जास्त जुळतात, हे खरंच होतं. फिशर तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते, हेही खरं. पण तेवढ्यावरून प्रश्न उडवून लावता येत नाही.

दुसऱ्या बाजूला रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल हे ब्रिटिश संशोधक. १९५१ साली त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना टपालानं छोटीशी प्रश्नावली धाडली: ओढता का? किती? मग कोण कशानं गेलं, याच्या नोंदी सुरू झाल्या. त्या चालल्या पन्नास वर्षं. सिगारेट न सोडणारे कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले.

फिशर यांना खरं उत्तर मात्र फिनलंडच्या जुळ्यांनी दिलं, तेही ते वारल्यानंतर. एकसारखी जुळी, म्हणजे जनुकं तीच. फक्त एक जण ओढणारा, दुसरा नाही. १९८९ साली निष्कर्ष छापून आला: आधी गेलेल्यांत ओढणारेच जास्त.

(दृश्य: गुणसूत्राचं रेखाचित्र)

गंमत म्हणजे फिशर म्हणत होते तसं जनुक २००८ साली सापडलं! पंधराव्या गुणसूत्रावर, सीएचआरएनए५. निकोटीन मेंदूतल्या पेशींना जिथे चिकटतं, त्या ग्राहीचा एक भाग हे जनुक घडवतं. डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलानं त्या प्रथिनातलं ३९८ वं अमिनो आम्ल बदलतं. उंदरांमध्ये हे जनुक काढून टाकलं, तेव्हा निकोटीनचा मोठा डोसही त्यांना नकोसा होईना. ‘आता पुरे’ हा निरोपच पोचत नव्हता. माणसांतही हा बदल असलेले जास्त ओढतात.

‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत बिड्या ओढत होते, काही झालं नाही,’ हे आपण ऐकतोच. आजोबांच्या जनुकांचा त्यात वाटा असेलही. पण आकडे बघा. आई आणि वडील दोघांकडूनही हा बदल आला असला, तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे पावणेदोन पट. सिगारेटनं तो पंधरा ते तीस पट होतो. आणि ज्यांनी कधी सिगारेट ओढलीच नाही, त्यांच्या मोठ्या अभ्यासांत या बदलाचा कॅन्सरशी धड संबंधच दिसला नाही.