वाऱ्यातला एक दिवस : केपटाऊन ते केप पॉइंट

सकाळी सातला केपटाऊनहून निघालो आम्ही दोघं. इथे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात त्यामुळे ह्याला ड्रायव्हिंगचं टेन्शन नव्हतं, टेन्शन होतं ते वाऱ्याचं. आपल्याकडे थंडी असते तेव्हा इथे उन्हाळा, आणि त्या दिवसांत आग्नेयेकडून जो वारा सुटतो ना त्याला लोक 'केप डॉक्टर' म्हणतात, शहरावरची खराब हवा झाडून नेतो म्हणून.

हा चॅपमन्स पीकचा रस्ता. १९२२ मध्ये सुरू झाला, नऊच किलोमीटर पण वळणं ११४! आपल्या वरंधा घाटाची आठवण येते, फक्त दरीच्या जागी थेट अटलांटिक.

केप ऑफ गुड होपला पोचलो आणि गाडीचं दार उघडेना, दोन्ही हातांनी ढकललं तेव्हा कुठे उघडलं. आजूबाजूला मोठं झाड औषधालाही नाही, नुसती गुडघ्याएवढी झुडपं, फेनबॉस म्हणतात त्यांना. बऱ्याच जणांना वाटतं हे आफ्रिकेचं दक्षिण टोक, मलाही शाळेपासून तेच वाटत होतं, पण ते टोक म्हणजे केप अगुल्हास, इथून आग्नेयेला साधारण दीडशे किलोमीटरवर. तरी इथे उभं राहिलं की अंगावर काटा येतोच. १४८८ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियास वादळात ह्या टोकाला वळसा घालून पुढे गेला, त्याला ते दिसलं परत येताना. आणि १४९७ मध्ये वास्को द गामा इथूनच भारताकडे वळला, गोव्यातलं वास्को ज्याच्या नावाचं आहे तोच.

आता हे केप पॉइंटचं वरचं जुनं दीपगृह बघा. १८५९ मध्ये बांधलं, समुद्रापासून २३८ मीटर उंच. एवढ्या उंचावर दिवा म्हणजे लांबून दिसणार असं कुणालाही वाटेल ना, पण ढग आणि धुकं नेमकं तिथेच येऊन बसायचं आणि खाली जहाजांना काहीच दिसायचं नाही. १९११ मध्ये लुसितानिया नावाचं पोर्तुगीज जहाज धुक्यात खालच्या खडकावर आपटून बुडालं, त्यानंतर १९१९ मध्ये नवीन दीपगृह बांधलं, फक्त ८७ मीटरवर. रेलिंग घट्ट धरून मी ते खालचं पांढरं दीपगृह कितीतरी वेळ बघत राहिले. त्यावेळी डेकवर उभ्या असलेल्या माणसांचाच विचार येत होता मनात.

परतताना सायमन्स टाऊनजवळ बोल्डर्स बीच. मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या खडकांमुळे इथे वारा जरा अडतो, म्हणून पेंग्विनही इथेच राहिले असावेत असं मला वाटतं. १९८२ मध्ये इथे फक्त दोन जोड्या होत्या, त्यातून ही अख्खी वसाहत वाढली. पण खायला सार्डिन, अँचोव्ही मिळेनासे झालेत आणि २०२४ मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त ठरली, फार वाईट वाटतं हो.

हा एक बघा, अगदी कठड्याजवळ. पिसं गळतायत त्याची, जुन्या गादीतून कापूस निघावा तशी. नवीन पिसं येईपर्यंत अंग वॉटरप्रूफ नसतं म्हणून जवळपास तीन आठवडे समुद्रात जाता येत नाही, म्हणजे तीन आठवडे उपाशी. वाऱ्याकडे पाठ करून, डोळे मिटून नुसता उभा होता बिचारा. त्याचं एक पीस उडून ह्याच्या जॅकेटला चिकटलं.

"ठेवू का गं आठवण म्हणून?"

"नको रे, इथलं इथेच राहू दे."

ह्याने हात उघडला आणि वाऱ्याने ते उचललं.