सोळा टीबी, चौदाशे नव्याण्णव रुपये

नमस्कार श्रोतेहो. फोन भरला, लॅपटॉप भरला, आता मोठी डिस्क घ्यायची, असं घरोघरी चाललंय. म्हणून आधी आमच्या साडूभाऊंची गोष्ट ऐका.

दिवाळीच्या आधी त्यांचा फोन, डिस्क घेतल्याचा. टीबी म्हणजे टेराबाइट, साधारण हजार जीबी. “सोळा टीबी! चौदाशे नव्याण्णवला! घरपोच!” मी नुकतीच चार टीबीची डिस्क त्याच्या कितीतरी पट पैसे मोजून आणलेली. बायको शेजारीच शेंगा सोलत बसली होती. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. साडूसमोर हरणं काय असतं, ते ज्याचं त्याला माहीत.

साडूभाऊंनी त्यात सगळं भरलं. मुलाची मुंज, कोकणची ट्रिप, सासूबाईंच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ. आणि लॅपटॉप मोकळा केला! भाऊबीजेला सगळे जमलो, डिस्क टीव्हीला लावली. फोल्डरं दिसतात, नावं दिसतात, आकडे बरोबर. दाबलं की उघडत मात्र नाही. सासूबाई नवी साडी नेसून समोर बसलेल्या. “अगं, लागेल आत्ता,” असं तासभर चाललं.

शेवटी मी सुरीनं डबी उघडली. आत काय असावं? नखाएवढं मेमरी कार्ड, ६४ जीबीचं. आणि डबी जड लागावी म्हणून गोंदानं चिकटवलेले दोन लोखंडी नट! कार्डाला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. संगणकाला ते सांगतं, मी सोळा टीबी. ६४ जीबी भरले की नवीन माल जुन्यावरच चढतो, नावं तेवढी शाबूत राहतात. मुंजीचा व्हिडिओ फोटोग्राफरकडे सापडला. पंचाहत्तरीचा गेला तो गेलाच.

आता मला विचाराल, तर एवढं साठवायचंच कशाला? ३६ फोटोंच्या रोलमध्ये अख्खं लग्न बसायचं. आता मोदकाच्या एका ताटाचे ४० फोटो. आणि ते ड्रोन! अक्षता टाकायच्या सोडून माणसं आभाळाकडे बघतात. असो.

तर टीबीचा भाव काढा. किमतीला टीबीनं भागा आणि चार दुकानांत ताडून बघा. एकच डिस्क फार खाली दिसली तर हात जोडा. खिशात मावणाऱ्या, तबकडीच्या डिस्का पाच-सहा टीबीपाशी थांबतात. त्याहून मोठ्या जाडजूड असतात, त्यांना वेगळा अडॅप्टर लागतो. चार टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १,०२४ नं. घरी आणल्यावर काठोकाठ भरा, फायली उघडून बघा, मगच मूळ पुसा. पुन्हा सांगतो, मगच मूळ पुसा.

वायफायवर घरभर चालणारी नॅसची पेटी, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फायली एकत्र ठेवायची डिस्कांची पेटी, घ्यायची असेल, तर ती बहुधा रिकामी मिळते, डिस्कचे पैसे वेगळे. चार-चारच्या दोन डिस्का आरशासारख्या लावल्या, म्हणजे एकीवरचं जसंच्या तसं दुसरीवर, की जागा चारच टीबी मिळते. आणि चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं, तेव्हा त्याला दुसरी प्रत समजू नका. नॅससाठी सीएमआर डिस्क मागा, तिच्यात नोंदीच्या पट्ट्या शेजारी-शेजारी, सुट्या असतात. एसएमआरमध्ये नोंदीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून सतत लिहायचं काम पडलं की ती रेंगाळते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं रेड मालिकेतल्या काही नॅस डिस्का एसएमआर असल्याचं कबूल केलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. तेव्हा विचारून घ्या.

साडूभाऊंनी आता चार-चार टीबीच्या दोन डिस्का घेतल्यात, पक्क्या बिलासकट. एक त्यांच्याकडे, एक आमच्या कपाटात, माझ्या सदऱ्यांखाली. ते दोन नट मात्र अस्सल निघाले. त्यांच्या स्कूटरच्या नंबरप्लेटला चपखल बसलेत.