खोटा-खोटा चहा

(ओसरी, टळटळीत दुपार. पितळी बोळकी, एक फुटका पोळपाट, वाटीत चुरमुरे.)

चूल पेटलेली नाही. पातेल्यात पाण्याचा थेंब नाही. तरी चार वर्षांची ही यजमानीण कपावर फुंकर घालते आणि बजावते, "हळू हं, गरम आहे."

शेजारी तिचा एक वर्षाचा भाऊ. त्याच्या वाट्याला लाडू आलाय, म्हणजे अंगणातला खडा. त्यानं तो थेट तोंडात कोंबला. ताई किंचाळली, "अरे, खोटं-खोटं खायचं!"

खडा हा खडाच आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. आणि तो लाडू आहे, हेही. भावाचं डोकं अजून तिथवर पोचलेलं नाही.

दीड-दोन वर्षांची झाली की मुलं रिकाम्या वाटीतून जेवायला लागतात. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं हे स्वतःच्या घरातच टिपलं. उशीची आठवण करून देणारं एक फडकं हाती आलं, तशी त्याची तान्ही लेक अंगठा चोखत आडवी झाली. झोपेचं सोंग, आणि वर खुदुखुदु हसू!

केळं फोन म्हणून कानाला लावणारं मूल केळ्याच्या बाबतीत गोंधळत कसं नाही? १९८७ साली मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांनी हा प्रश्न धरून ठेवला. त्यांच्या मते, हे सोंग आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणं, या दोन्हींच्या मुळाशी एकच क्षमता आहे.

आपल्याला वाटतं, भातुकली म्हणजे मोकाट कल्पना. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की नेमकं उलट सांगत: सोंग घेतलं की नियम आलेच. सासूबाई झालेल्या पोरीला मध्येच भोकाड पसरता येत नाही. मनुइलेंको या संशोधिकेनं सोव्हिएत रशियात लहान मुलांना न हलता उभं राहायला सांगितलं. एरवी चुळबुळणारी तीच मुलं खेळातली पहारेकरी झाली, आणि कितीतरी जास्त वेळ ताठ उभी राहिली.

पण म्हणून लगेच 'बुद्धी वाढवणारा' किचन सेट घ्यायला धावू नका. २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी आधीचं संशोधन चाळून पाहिलं. सोंगाच्या खेळामुळेच मुलं कल्पक किंवा हुशार होतात, असं छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. बरंच झालं म्हणायचं. नाहीतर भातुकलीचेही क्लास निघाले असते.

(कॅमेरा जवळ सरकतो.)

आता कॅमेऱ्यामागच्या काकांनाही कप आला. काकांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "साखर नाही गं यात."

तिनं कप परत घेतला. आत डोकावून पाहिलं. मग चुलीपाशी जाऊन फतकल मारली आणि पातेलं पुन्हा चढवलं.

"थांबा. उकळू दे."